पिवळ्या चित्रासमोर

"भीती."

एवढंच म्हणाला तो. मेरेटने पुढे केलेला माइक तसाच राहिला.

सकाळपासून ती हाच प्रश्न विचारत होती — या चित्रासमोर उभं राहिल्यावर तुम्हाला काय वाटलं? — आणि उत्तरंही तीच ती येत होती. छान आहे. केवढं मोठं आहे हो. माझी नात याहून बरं काढते. एका बाईंनी तर अगदी गंभीरपणे सांगितलं होतं, की त्यांना स्वयंपाकघराच्या भिंतीला हाच रंग हवाय, डबा कुठे मिळेल? पण भीती... आणि तीही एका पिवळ्या चित्राची?

"कसली भीती?" तिने विचारलं.

तो वळला. कोटाचे खांदे भिजून काळे पडले होते. केसांतलं पाणी कानामागून कॉलरमध्ये उतरत होतं आणि त्याला त्याचं भान नव्हतं. डोळे राखाडी... आणि फार दमलेले.

"ते यंत्र चालू आहे?"

"हो."

"मग 'छान वाटलं' असं लिहून टाका."

"लिहायचं नाहीये. तुमचा आवाजच लोकांना ऐकवणार आहोत आम्ही. संग्रहालयाच्या वर्धापनदिनाला एक खोली करतोय — सगळी माणसं बोलताना ऐकू येतील, दिसणार कोणीच नाही."

"बाप रे," तो म्हणाला. "ती खोली तर या चित्राहून भयंकर."

मेरेट हसली. तोही हसला — जरासं, ओठाच्या एकाच कोपऱ्यातून. "तुमचाच आवाज लावा की. तुमचा आवाज म्हाताऱ्यांना पहिल्या फटक्यात ऐकू जाईल."

"ही स्तुती समजायची का?"

"आमच्या धंद्यात याहून मोठी स्तुती नाही. मी कानाची यंत्रं बसवतो."

असं म्हणून तो निघून गेला. दालनाच्या दारापर्यंत मेरेट त्याच्याकडे बघत राहिली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं — एवढा वेळ बोलला, हसला, पण त्याचा उजवा हात कोटाच्या खिशातून एकदाही बाहेर आला नव्हता.

त्या चित्राचं नाव होतं 'दुपार'. गेझीना रोडे नावाच्या चित्रकर्तीने ते काढलं होतं, आणि ती जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली होती. भिंतभर पिवळा रंग, दुसरं काही नाही. पण थोडा वेळ बघत राहिलं की तो पिवळा आतून हलायला लागे, उन्हात तापलेल्या रस्त्यासारखा. तीस एक वर्षांपूर्वी एका माणसाने भर दुपारी त्यावर सुरी चालवली होती. चित्र शिवून घेतलं, डागडुजी झाली; मग ते तळघरात गेलं ते थेट या पानगळीच्या दिवसांत बाहेर आलं. आता जमिनीवर एक काळी पट्टी आखली होती. तिच्यापलीकडे पाय पडला की कर्कश घंटा वाजे. येणारी निम्मी माणसं चित्र बघतच नसत, व्रण कुठे दिसतोय ते शोधत.

नोव्हेंबर होता. वुपरटाल शहरात पोरं छत्री घेऊनच जन्माला येतात म्हणतात, आणि नोव्हेंबरात ते खोटं वाटत नाही. टेकडीवरच्या त्या संग्रहालयाच्या काचा दिवसभर गळत्या दिसत. मेरेटला तिथे बरं वाटे. ती मुळातच भित्री. शेगडी बंद केली का हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत फिरणारी. लिफ्टला घाबरणारी. नदीवरून रुळाला लटकत जाणारी ती टांगती गाडी वळणावर झुलली, की डोळे गच्च मिटून घेणारी. "या पोरीला स्वतःच्या सावलीचंही वावडं," असं तिची आई चारचौघांत सांगायची. चित्रं कशी, जागची हलत नाहीत. म्हणून मेरेटला चित्रं आवडत.

पुढच्या मंगळवारी सकाळी संचालकबाईंनी सगळ्यांना खाली बोलावलं. आदल्या दिवशी, संग्रहालय बंद असताना, फोन आला होता. पुरुषाचा आवाज. एकच वाक्य. 'त्या पिवळीला या खेपेला शिवायला काही उरणार नाही.'



"पोलिसांना कळवलंय," संचालकबाई म्हणाल्या. "तुम्ही डोळे उघडे ठेवा. जो माणूस पुन्हा पुन्हा येतो, एकाच चित्रासमोर फार वेळ उभा राहतो, हात खिशातून काढत नाही..."

मेरेटला तो भिजलेला कोट आठवला.

तिने त्याचा विषय काढला नाही. निम्म्या गावाचे हात नोव्हेंबरात खिशातच असतात, असं तिने स्वतःला समजावलं. आणि तो पुन्हा येणार आहे असं कोणी सांगितलंय?

तो बुधवारी आला.

"काय गं," डुडेकबाई तिच्या कानाशी कुजबुजल्या, "तुझा भिजका राजपुत्र आला बघ."

डुडेकबाई त्या मजल्याच्या राखणदार. साठी उलटलेल्या. उभ्या जन्मात दालनातल्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत; पुदिन्याची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत भिंतीकडेने येरझारा घालत. त्यांची दृष्टी आता मंद झाली होती, पण पोरीबाळींच्या गालावरचा रंग त्यांना अजून लांबून दिसे.

"माझा कोण लागतो तो?" मेरेट म्हणाली.

"तेच विचारून ये."

ती गेली. माइक घेऊन. तो तिथेच, पट्टीच्या अलीकडे उभा. मान किंचित डावीकडे कललेली. हात खिशात.

"आज तरी काही बोलाल?"

"आज तुमची पाळी. तुम्हाला काय वाटतं हे बघून?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "मला वाटतं... घरी एकटं असताना बाहेर खूप ऊन असावं आणि दार कोणी वाजवू नये, तसं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "वाजवू नये?"

"मी भित्री आहे हो."

"बरं आहे," तो हळूच म्हणाला. "भित्री माणसं नीट ऐकतात."

त्याचं नाव हेनिंग. शहराच्या बार्मेन भागात नदीकाठी त्याचं छोटं दुकान होतं. बुधवारी दुपारी ते बंद असे. हे सगळं तिला त्याच दिवशी कळलं, कारण बाहेर पडताना तिची छत्री वाऱ्याने उलटी झाली आणि ती सरळ करता करता दोघं इतके भिजले, की कोपऱ्यावरच्या वॅफलच्या दुकानात शिरण्यावाचून इलाज राहिला नाही.

गरम चेरी, वर साय. तिथे मात्र त्याचा उजवा हात बाहेर होता. काट्याने नीट खात होता. साधा हात, लांब बोटं. मेरेटला स्वतःचीच लाज वाटली.

"काल एका आजोबांना यंत्रं बसवली," तो सांगत होता. "रात्री त्यांनी पोलिसांना फोन केला. घरात कोणीतरी शिरलंय, पावलं वाजतायत. पोलीस आले. बघतात तो काय — त्यांचंच भिंतीवरचं घड्याळ! वीस वर्षं ऐकलं नव्हतं बिचाऱ्यांनी."

ती हसता हसता थबकली. "बिचारे. किती घाबरले असतील."

"सगळे हसतात हे ऐकून," हेनिंग म्हणाला. "बिचारे म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

चेरीचा रस तिच्या हनुवटीवर आला होता. त्याने कागदी रुमाल पुढे केला... मग स्वतःच टिपला. 

"ऐका ना... हे 'तुम्ही-तुम्ही' कुठवर चालवायचं?" त्याने विचारलं.

"तुम्ही म्हणाल तिथवर."

"इथवरच."

"बरं." तिने एक घास उगीचच घोळवला. "...तू."

"पुन्हा म्हण. कामाचा भाग म्हणून विचारतोय. आवाज तपासायचाय."

"तू. झालं? ऐकू आलं?"

"अगदी आतपर्यंत," तो म्हणाला.

मग बुधवारांना लागून इतर दिवसही आले. कधी तो तिला घरापर्यंत सोडायला टांगत्या गाडीत बसे. वळण आलं की तिचे डोळे मिटत, आणि तो तिला खालचं जग सांगे.

"आता काय आहे खाली?"

"नदी. नदीत एक बदक."

"काय करतंय?"

"वर बघतंय. आपल्याकडेच. म्हणतंय, ही मुलगी डोळे मिटून कुणाच्या शेजारी बसलीये, हिला माहीत तरी आहे का?"

मेरेटने डोळे उघडले. तिला वाटलं, तो हसत असेल. तो हसत नव्हता. खिडकीच्या काचेत तो स्वतःचाच चेहरा बघत होता... जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा.  गाडी झुलली, आणि पहिल्यांदाच तिला कळेना, की आपण नेमके कशाला घाबरलो.

फोन पुन्हा आला. तोच आवाज. 'लवकरच.'

त्या दिवसापासून दालनात दोन नवे तरुण पहारेकरी उभे राहू लागले. मेरेट रोज स्वतःला विचारी — हेनिंगचा आवाज फोनवर कसा वाटेल? आणि रोज स्वतःलाच चापट मारल्यासारखी गप्प होई. हे तिने कोणाला सांगायचं? त्याला विचारावं, तर तो दुखावेल. विचारू नये, तर... तर काय होईल, ते तिला डोळ्यांपुढे दिसे. पिवळा कॅनव्हास वरपासून खालपर्यंत उघडलेला. आणि समोर त्याचे राखाडी डोळे.

पुढच्या बुधवारी, तो यायच्या आधी, डुडेकबाईंनी तिला खिडकीपाशी ओढलं. गालातली गोळी आज फिरत नव्हती.

"पोरी, तुला एक सांगायचंय. हसू नकोस."

"मी कुठे हसतेय?"

"त्या वेळी मी इथेच होते. नवीन लागले होते कामाला. माझ्या या डोळ्यांसमोर त्याने सुरी चालवली." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "गेल्या खेपेला तुझ्या त्या पोराने केस मागे सारले आणि माझ्या अंगावर काटा आला गं. तोच चेहरा. तशीच डावीकडे मान... कान देऊन काहीतरी ऐकतोय अशी. उजवा हात खिशात. वयही तेच."

"तो माणूस तर आता..."

"म्हातारा झाला असता. ठाऊक आहे मला. म्हणून तर जास्त भीती वाटते. हे भूत नाही, हाडामासाचं आहे." बाईंनी तिचा दंड धरला. "वर सांगायला हवं."

"आज नको. आधी मी त्याला विचारते."

"तू? तू तर लिफ्टमध्येही एकटी जात नाहीस!"

"मी विचारते," मेरेट म्हणाली. 

तो आला तेव्हा दालनात फारसं कोणी नव्हतं. बाबागाडी ढकलणारं एक जोडपं बाहेर पडत होतं. वरच्या काचेवर पाऊस वाजत होता. मेरेटने आज माइक आणला नव्हता. हेनिंगने तिला बघितलं, त्याचा चेहरा उजळला... आणि तिचा चेहरा बघून लगेच विझला.

"काय झालं?"

"खिशात काय आहे?"

"काय?"

"उजव्या खिशात. दाखव मला." तिचा आवाज चिरकला. "कृपा करून दाखव, हेनिंग."

क्षणभर त्याने काहीच केलं नाही. त्या क्षणात मेरेट पार मरून गेली. मग त्याने हात हळूहळू बाहेर काढला. मूठ. घट्ट, पांढरी पडलेली. त्याने ती एकेक बोट करून उघडली. आत काही नव्हतं. तळव्यावर त्याच्याच नखांचे लाल ओरखडे होते.

"हातच आहे," तो म्हणाला. "त्याला धरून ठेवतो मी. इथे आल्यावर."

"का?"

"ज्याने हे फाडलं, तो माझा बाप होता."

पाऊस वाजत राहिला.

"मी तीन वर्षांचा होतो. बाबा शाळेत गणित शिकवायचे. रविवारी पाव भाजायचे, सगळं घर दरवळायचं, एवढीच माझी स्वतःची आठवण. बाकी आईने सांगितलेलं. आधी त्यांना भिंतीपलीकडून शेजारी बोलताना ऐकू यायचे. मग शेजारी नसतानाही. मग... हे. इथे यायचे, तासन् तास उभे राहायचे. आई म्हणायची, त्या चित्रावर त्यांनी उगीच दात धरला. त्या दिवसानंतर ते घरी आलेच नाहीत. दवाखान्यातच राहिले, तिथेच गेले." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "त्यांना हे सुरू झालं, तेव्हा ज्या वयाचे होते, त्या वयाचा मी येत्या वसंतात होईन. चेहरा तर त्यांचाच आहे. आतलंही त्यांचंच असेल तर? म्हणून बघायला येतो... हे माझ्याशीही काही बोलतं का ते."

"बोलतं?"

"नाही," हेनिंग म्हणाला. आणि मग अगदी हळू, "अजून तरी नाही."

ते 'अजून' मेरेटच्या काळजात रुतलं.

"तो व्रण कुठे आहे, माहीत आहे तुला?" तो चित्राकडे वळला. "सगळे मध्ये शोधतात. तो इथे, डाव्या अंगाला—" आणि दाखवायला त्याने हात उचलला, एक पाऊल पुढे टाकलं.

पाय पट्टीपलीकडे पडला. घंटा किंचाळली.

पुढचं सगळं एकदमच झालं. दोन्ही पहारेकरी धावत आले. एकाने त्याचा हात मागे पिरगाळला, दुसऱ्याने त्याला भिंतीशी दाबलं. कोणीतरी ओरडलं, "सुरी बघा, सुरी!" हेनिंग धडपडला नाही. तो फक्त मेरेटकडे बघत होता. आणि मेरेट...

मेरेट मागे सरकली. एकच पाऊल. पण सरकली. आणि त्याने ते पाहिलं.

"सोडा त्याला!" डुडेकबाईंचा आवाज सगळ्या मजल्यावर घुमला. "मेल्यांनो, सोडा म्हणते ना! रिकामा हात दिसत नाही तुम्हाला? चित्राला बोटसुद्धा लागलेलं नाही."

घंटा बंद झाली. पहारेकऱ्यांनी खिसे चाचपले, काही सापडलं नाही, हात सैल केले. डुडेकबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, त्याच्या छातीपर्यंतच येत होत्या त्या.

"मी ऐकलं तू काय बोललास ते," त्या म्हणाल्या. "आता माझं ऐक. तुझ्या आईला हे कोणी सांगितलं नसणार, कारण मला कोणी विचारलंच नाही. तुझ्या बापाने सुरी टाकली आणि तो खाली बसला, इथेच. मला काही सुचेना, मी त्याच्या शेजारी बसले. पोरासारखा रडत होता. मला म्हणाला, 'बाई, तिला फार लागलं का हो? आत कोणीतरी कोंडलेलं होतं, सारखं हाका मारत होतं. मी फक्त दार उघडत होतो.'" त्यांनी नाक पुसलं. "दात वगैरे काही नव्हता बाळा. दया होती. चुकीच्या जागी, पण दयाच."

 हेनिंगच्या तोंडावरून पाणी ओघळत होतं, आणि या वेळी ते पावसाचं नव्हतं. त्याने बाईंचा हात दोन्ही हातांत धरला, सोडला. मग तो मेरेटपाशी आला. थोडा लांबच थांबला.

"तू मागे सरकलीस ते बरोबरच होतं," तो म्हणाला. "तशीच राहा. लांब."

ती काही म्हणायच्या आत तो जिना उतरून गेला होता.

पुढच्या बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मेरेट लोकांना विचारत राहिली, तुम्हाला काय वाटलं? छान. मोठं. स्वयंपाकघर. एक दिवस एका गृहस्थाने उलट विचारलं, "बाई, तुम्हालाच बरं वाटत नाहीये का?" तेव्हा तिने माइक डुडेकबाईंच्या हातात दिला.

"कुठे निघालीस?"

"कान तपासायला."

"अगं, त्या फोनवाल्याचा अजून पत्ता नाही!" बाई मागून म्हणाल्या. "कळू दे तरी आधी, तो कोण ते!"

"कळल्यावर जाण्यात काय आहे?" मेरेट म्हणाली, आणि तिच्या स्वतःच्याच तोंडून हे आलं याचं तिला नवल वाटलं.

(तो फोनवाला नाताळाच्या आधी सापडला. बाजूच्या गावचा एक रिकामटेकडा. त्याने ते चित्र जन्मात पाहिलंही नव्हतं. पण त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं, मेरेटला तर नाहीच.)

बार्मेनचं ते दुकान अरुंद होतं, नीटनेटकं. दाराशी खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या, कानांत नवी कोरी यंत्रं. हेनिंग गल्ल्यामागे उभा होता. तो अधिकच दमलेला दिसत होता. तिला बघून त्याच्या हातातली छोटी पेटी टेबलावर पडली.

"हळू रे!" आजी दचकल्या. "आता सगळं ऐकू येतं मला."

"मला कान तपासून घ्यायचेत," मेरेट म्हणाली.

"वेळ घ्यावी लागते."

"मग दे वेळ."

"मेरेट..."

"देऊन टाक रे," आजी म्हणाल्या. "माझं काय, मी बसलेय. घरी तरी कोण वाट बघतंय!"

तपासणीची खोली म्हणजे दुकानातच ठेवलेली काचेची एक जाड पेटी होती. जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी. दार मिटलं आणि सगळं जग बंद झालं. मेरेटचा श्वास कोंडला. लिफ्टपेक्षा वाईट. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. हेनिंगने तिच्या कानांवर हेडफोन चढवला होता. काचेपलीकडे तो माइकपाशी बसला, आणि ओठ दिसू नयेत म्हणून त्याने तोंडासमोर एक पुठ्ठा धरला. फक्त डोळे दिसत होते.

"मी जे म्हणेन ते तू म्हणायचं," त्याचा आवाज थेट तिच्या डोक्याच्या मधोमध आला. "पाऊस."

"पाऊस."

"खिडकी."

"खिडकी."

"पाव."

"पाव."

आवाज आणखी हळू झाला. "भीती."

"भीती."

मग बराच वेळ काही नाही. नुसती सूक्ष्म घरघर. आणि मग, "घरी जा, मेरेट."

"नाही."

"जे ऐकू येईल तेच म्हणायचं असतं."

"ते मला ऐकू आलं नाही." तिने खोल श्वास घेतला. "आता तू ऐक. त्या दिवशी मी मागे सरकले. कारण मी घाबरले होते. मी आत्ताही घाबरलेय. या पेटीला घाबरलेय, तुला घाबरलेय, तुला काही होईल याला तर सगळ्यात जास्त. पण हेनिंग, मी शेगडीलाही घाबरते, तरी रोज स्वयंपाक करते. जिथे भीती वाटते तिथे जायचंच नाही असं ठरवलं, तर मला पांघरुणाबाहेर पाय काढता यायचा नाही."

पुठ्ठा हलला नाही. "आणि मला ते झालं तर? एखाद्या दिवशी मी मान वाकडी करून काही ऐकत बसलो, तर?"

"तर मी विचारेन, काय ऐकू येतंय? तू मला सांगशील. मग आपण दोघं जाऊन डॉक्टरांना सांगू. तुझ्या बाबांना कोणी विचारलंच नाही रे. सगळे मागे सरकले."

त्याचे डोळे काचेपलीकडे चमकले, भरून आले. 

"मी तीनदा वेळ घेतली डॉक्टरांची," तो शेवटी म्हणाला. "आणि तीनदा त्यांच्या दारातून परत आलो. परवा पुन्हा घेतलीये. शुक्रवारी सकाळची."

"मी येईन. दारात आपण दोघंही घाबरू, मग कोणीतरी एकजण घंटी वाजवेल."

तो हसला. आवाज नाही, पण डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या.

"शेवटचं वाक्य," तो म्हणाला. "हे सगळ्यात हळू असतं. बहुतेकांना ऐकू येत नाही. नीट लक्ष दे."

मेरेट पुढे झुकली. कानांत घरघर... एक श्वास... मग शब्द होता की पुन्हा श्वासच, तिला कळलं नाही. तिचं काळीजच एवढं वाजत होतं.

"माझंही," ती म्हणाली.

पुठ्ठा खाली आला. हेनिंग तिच्याकडे बघत राहिला, कानापर्यंत लाल. "अगं... मी अजून काही म्हटलंच नव्हतं."

मेरेटने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मग म्हण की आता!" दाराजवळून आजी ओरडल्या. "पोरीला ताटकळत काय ठेवतोस!"

हेनिंग उठला. माइक तिथेच राहिला, काचेपाशी येऊन त्याने ते म्हटलं — मोठ्याने, स्पष्ट, अगदी मनापासून. त्या जाड काचेतून मेरेटला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. आजींनी मात्र सगळं ऐकलं, आणि समाधानाने डोळे मिटले.

मेरेटने कानांवरचं काढलं, ते जड दार खांद्याने ढकललं आणि बाहेर आली.

"काय म्हणालास?" तिने विचारलं. "मला ऐकू नाही आलं. पुन्हा म्हण."